आयसीयूच्या पॅनेलमधला तापलेला न्यूट्रल

दुपारी सगळे एसी चालू झाले की आमच्या आयसीयूतले दिवे मधूनच लुकलुकायचे आणि यूपीएस बॅटरीवर जाऊन परत मेन्सवर यायचा. मीटरवर व्होल्टेज २३० च्या आसपासच. रात्री लोड नसताना पॅनेल उघडून काही कळत नाही, म्हणून ऐन दुपारी थर्मल कॅमेरा लावला. फेजचे लग (केबलच्या टोकाला बसवलेले धातूचे जोड) ४८ अंशांवर, न्यूट्रलचा म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा ९४!

मॉनिटर, एलईडी, यूपीएस यांचे तिसरे हार्मॉनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचे करंट, एकमेकांना काटत नाहीत, न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज होते. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा लग थेट तांब्याच्या बसबारवर (पॅनेलमधल्या जाड पट्टीवर) बसवलेला, आणि असा सांधा खराब होऊन तापतो. सांधा काळवंडलेला, वायसर निळसर पडलेला. हा न्यूट्रल तुटला असता तर कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज ३०० च्या वर चढू शकलं असतं, आणि तिथं पेशंट व्हेंटिलेटरवर असतात.

सिस्टर इन्चार्जना विचारून वेळ ठरवली, पेशंटची यंत्रं दुसऱ्या फीडरवर घेतली, ब्रेकरला कुलूप आणि टॅग लावून सप्लाय नसल्याची मीटरने खात्री केली. केबलचं जळकं टोक कापलं, अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं जोडायला बनवलेला बायमेटॅलिक लग क्रिंप केला म्हणजे दाबून बसवला, ठरावीक जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने आवळला, नट-बोल्टवर रंगाची रेघ ओढली. रेघ सरकली की सांधा सैल झाल्याचं नुसत्या नजरेनं कळतं.

जळका लग नुसता आवळून भागवू नका, तो पुन्हा तापतोच. आता आम्ही दर तिमाहीला भर लोडवर थर्मल तपासणी करतो आणि न्यूट्रलचा करंट क्लॅम्प मीटरने वेगळा नोंदवतो.