एआरवर चेहऱ्याचं प्लॅनिंग: या चुका टाळा

पुण्यात चेहऱ्याच्या नि कवटीच्या शस्त्रक्रियांची थ्रीडी मॉडेलं करून ती एआर (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी) हेडसेटवर, म्हणजे समोरच्या रुग्णावर मॉडेल होलोग्रामसारखं दाखवणाऱ्या चष्म्यावर, चढवून देणं हे माझं रोजचं काम. पावसाळ्यात दुचाकीवरून घसरलेल्यांच्या केसेस वाढतात, आणि त्यांच्याबरोबर त्याच त्या चुकाही येतात.

सुरुवात स्कॅनपासून. मेंदूला मार लागलाय का हे बघायला कॅज्युअल्टीत काढलेला ५ मिलिमीटर जाडीच्या कटांचा सीटी हातात ठेवतात आणि म्हणतात, "यातूनच करा ना, घाई आहे." डोळ्याच्या खोबणीचा तळ ठिकठिकाणी अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. जाड कटात ते हाड शेजारच्या हवेत नि चरबीत मिसळून जातं, त्याची घनता कमी दिसते. स्कॅनवरून थ्रीडी मॉडेल करायच्या मिमिक्स सॉफ्टवेअरमध्ये हाडासाठी आयती मिळणारी किमान मर्यादा २२६ हाउन्सफील्डची (हे सीटीतल्या घनतेचं एकक). तेवढी न भरल्यामुळे ते मॉडेलमधून गळतं आणि शाबूत हाडाच्या जागी भोक दिसतं. त्या भोकाच्या मापाने टायटॅनियमची जाळी कापायला निघालेले डॉक्टर मी पाहिलेत. मी सरळ स्कॅन सेंटरला फोन करते. कच्चा डेटा मशीनवर थोडेच दिवस राहतो, तेवढ्यात मागितला तर रुग्णाला पुन्हा न झोपवता ०.६२५ मिलिमीटरचे कट मिळतात. १ मिलिमीटरहून जाड काही मी घेत नाही.

मॉडेल युनिटीत (हेडसेटसाठी अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) नेताना डावं-उजवं उलटू शकतं, कारण तिथले अक्ष डायकॉमच्या, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइलींच्या, तुलनेत आरशातल्यासारखे उलटे. दरवेळी तपासा. थ्रीडी मॉडेलच्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं, त्यामुळे मिलिमीटरची कवटी मीटरमध्येही उघडते. ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा, मोठा दिवा थेट पडला की होलोग्राम फिका पडतो. दिवा जरा बाजूला घ्यायला सांगा.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. मॉडेल रुग्णावर बसवताना, म्हणजे दोन्हींवरचे तेच बिंदू पॉइंटरने टिपून होलोग्राम जुळवताना, खुणा त्वचेवर घेतात.

एका हॉस्पिटलमध्ये गालफडाचं हाड मोडलेला तरुण टेबलावर होता. स्कॅन काढला तेव्हा चेहरा सुजलेला. ऑपरेशनपर्यंत सूज उतरली होती, आणि भुलीची नळी चिकटवल्यामुळे एक नाकपुडी ओढली गेली होती. रेसिडेंटने नाकाचं टोक, डोळ्यांचे कोपरे आणि हनुवटी असे बिंदू पटापट घेतले.

"मॅडम, एरर १.२ मिलिमीटर दाखवतंय. करू सुरू?"

"आधी पॉइंटर वरच्या पुढच्या दाताच्या कडेवर टेकवा."

टोक खऱ्या दातावर टेकलं, आणि होलोग्राममधला दात तिथून ६ मिलिमीटर बाजूला. गालफडाचं हाड जागेवर आणताना ६ मिलिमीटर म्हणजे दोन गाल कायमचे वेगळे दिसणं.

स्क्रीनवरचा आकडा फक्त एवढंच सांगतो की निवडलेले बिंदू एकमेकांशी किती जुळले. ज्या हाडावर काम करायचंय ते जागेवर आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. बिंदूंच्या मध्यापासून जितकं लांब जाल तितकी चूक वाढते, आणि सगळे बिंदू चेहऱ्याच्या पुढच्याच बाजूला असले तर कानाजवळ ती सगळ्यात जास्त. त्यातून हनुवटी खालच्या जबड्याची. तोंड जरासं उघडलं तरी ती हलते, तिच्या भरवशावर कवटी बसवायचीच नाही.

मी आदल्या दिवशीच वरच्या दातांचं माप घेऊन स्प्लिंट, म्हणजे दातांवर घट्ट बसणारा साचा, करून ठेवते. त्याच्यावर खुणा असतात, सीटी तो घालूनच काढायचा आणि ओटीत तोच पुन्हा बसवायचा. वरचा जबडा मोडलेला नसेल तर ते दात कवटीबरोबरच राहतात. सुजेचा त्यांना फरक पडत नाही. खालच्या जबड्यावर काम असेल तर त्याचा स्प्लिंट वेगळा. यात एक दिवस जातो, आणि नव्या मुलांना नेमका तोच वाचवायचा असतो.

त्या दिवशी स्प्लिंट नव्हता. हेडसेटवर मोडलेले तुकडे फक्त फिरवून बघितले, एकही खूण त्यावरून केली नाही. सर्जन सरांनी हाड नेहमीच्या पद्धतीने, फटी उघड्या डोळ्यांनी जुळवून बसवलं.