दहा मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे: जालियनवाला बागेवरचा चित्रपट तपासून कसा पाहावा

जालियनवाला बागेवरचा चित्रपट वर्गात किंवा फिल्म क्लबात दाखवला की "हे खरंच असं झालं का?" हा प्रश्न हमखास येतो. "साधारण असंच" म्हणून तो मिटवू नका. याचं नेमकं उत्तर देता येतं, कारण कागदपत्रं भरपूर आहेत.

आधी तीन गोष्टी हाताशी ठेवा: सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीचा 1920 चा अहवाल (तीन भारतीय सदस्यांच्या अल्पमत अहवालासह), काँग्रेसच्या समितीचा त्याच वर्षीचा अहवाल आणि ब्रिटिश संसदेतली जुलै 1920 ची चर्चा. सैनिक किती, गोळ्या किती, हुकूम कोणाचा, हे हंटरमध्ये पाहा. लोकांवर काय गुदरलं ते काँग्रेसच्या अहवालात आहे. या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर आपले बॅ. मुकुंदराव जयकर होते. तिने 1700 हून अधिक साक्षी तपासल्या आणि 650 च्या आसपास छापल्या.

पहिल्यांदा चित्रपट सलग, न थांबवता पाहा. दुसऱ्यांदा फक्त पंजाबचा भाग घ्या आणि वहीत चार रकाने आखा: मिनिट, काय दिसतं, कोणाच्या नजरेतून दिसतं, शेरा. शेरे चारच ठेवा: नोंद आहे, शक्य आहे, रचलेलं, उलटवलेलं. इथे नेहमीची चूक म्हणजे "रचलेलं" दिसलं की गुण कापणं. काल्पनिक पात्र असणं हा दोष नाही. पकडायचं ते "उलटवलेलं", म्हणजे नोंदीच्या विरुद्ध दाखवलेलं. उदाहरणार्थ, 13 एप्रिल 1919 रोजी अमृतसरमध्ये मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागू असल्याचं दाखवलं, तर ते चूक आहे. तो 15 एप्रिलला जाहीर झाला. तसंच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे माजी सदस्य शंकरन नायर यांचा खटला असेल तर वादी कोण ते बघा. 1924 मध्ये लंडनला बदनामीचा दावा पंजाबचा माजी लेफ्टनंट गव्हर्नर ओडवायरने नायर यांच्यावर लावला होता, आणि नायर तो हरले.

गोळीबाराच्या दृश्याला सर्वांत जास्त वेळ द्या. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या जनरल डायरबरोबर 90 सैनिक होते. त्यांपैकी 50 जणांकडे रायफली, 40 गुरख्यांकडे फक्त कुकऱ्या. दोन चिलखती गाड्या गल्ली अरुंद म्हणून बाहेरच राहिल्या. म्हणजे बागेत मशीनगन धडधडताना दिसली तर ते उलटवलेलं. गाड्या आत नेता आल्या असत्या तर कदाचित मशीनगनही वापरल्या असत्या, हे मात्र डायरने हंटर समितीपुढे तिचे सदस्य चिमणलाल सेटलवाडांच्या प्रश्नांना उत्तर देताना स्वतः कबूल केलं. आता हिशेब करा. 1650 गोळ्या, 50 रायफली, म्हणजे सरासरी 33 गोळ्या एका हाताला. रायफलीच्या मॅगझिनमध्ये 10 गोळ्या मावत, म्हणून सरासरीने प्रत्येकाला किमान तीनदा तरी रायफल पुन्हा भरावी लागली. साधारण दहा मिनिटांत हे चाललं. म्हणून पडद्यावर सैनिकांचे हात बघा. गोळ्या भरण्याची खटपट, मधला थांबा आणि नंतर गर्दी जिथे दाट तिथे वळलेला नेम दिसत असेल, तर दिग्दर्शकाने कागद वाचले आहेत. नुसता सलग धडाका असेल तर घाबरलेल्या सैनिकांचा भास होतो. घाबरून नव्हे, विचारपूर्वक झालेलं हे कृत्य होतं.

मृतांचा आकडा आला की तो कोणाचा हे लगेच लिहा. 379 हा सरकारी, सुमारे 1000 हा काँग्रेसचा. सरकारने नावं गोळा करायला ऑगस्ट उजाडला, आणि नाव सांगितलं तर बागेत गेल्याचा ठपका बसेल या भीतीने पुष्कळ घरं गप्प राहिली. विहिरीतून 120 मृतदेह काढले, हा बागेतल्या फलकावरचा आकडा आहे. तो वेगळा लिहा.

मग रात्र. कॅमेरा गोळीबारानंतर थांबतो का? रतनदेवींची साक्ष काँग्रेसच्या अहवालात आहे: आठनंतर बाहेर पडायला बंदी, मृतदेह न्यायला खाट घेऊन कोणी येईना, आणि हातात बांबू घेऊन कुत्री हाकलत त्या पतीच्या मृतदेहापाशी रात्रभर बसून राहिल्या. इस्पितळं उघडी होती, जखमींना तिथे जाता आलं असतं, हे डायरचं उत्तर या साक्षीशेजारी ठेवून वाचा. 2021 च्या 'सरदार उधम'मध्ये ही रात्र बराच वेळ दाखवली आहे; लहान मुलांना तो भाग दाखवू नका. त्या दिवशी उधमसिंग बागेत होते याचा पक्का पुरावा नाही, तेव्हा तिथे "शक्य आहे" हा शेरा.

वर्गात सर्वांत जास्त घोळ नावांचा होतो. डायर आणि ओडवायर ही दोन माणसं. बागेत गोळ्या झाडायला लावल्या त्या ब्रिगेडियर जनरल रेजिनाल्ड डायरने. तो 1927 मध्ये आजारपणात मेला. उधमसिंगांनी 13 मार्च 1940 रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये मारलं ते पंजाबचा माजी लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायरला. ही नावं फळ्यावर शेजारीशेजारी लिहून मगच चित्रपट सुरू करा.

शेवटी दृश्याच्या अलीकडे-पलीकडे काय आहे ते तपासा. 8 जुलै 1920 रोजी चर्चिलने कॉमन्समध्ये या हत्याकांडाला राक्षसी म्हटलं, आणि त्याच वाक्यात ते एकटं, सुटं उभं असल्याचंही सांगितलं. एक डायर वाईट, बाकी राज्य ठीक, ही चौकट तिथली आहे आणि अनेक चित्रपट ती तशीच उचलतात. ती मोडणाऱ्या गोष्टी शोधा. 10 एप्रिलला अमृतसरचे नेते डॉ. सत्यपाल आणि किचलू यांना पकडल्यावर रेल्वे पुलावर जमावावर झालेला गोळीबार, आणि त्यानंतर जमावाने मारलेले पाच युरोपीय. यांपैकी एकच बाजू दाखवली तर तसं लिहा. 14 एप्रिलला गुजरांवाल्यावर विमानातून टाकलेले बॉम्ब. मिशनरी मार्सेला शेरवुडवर हल्ला झाला त्या गल्लीतून लोकांना पोटावर सरपटायला लावणारा हुकूम. डायरला नोकरी सोडावी लागली, पण खटला कधीच चालला नाही. उलट इंग्लंडात त्याच्यासाठी 26,000 पौंडांवर निधी जमला आणि 20 जुलै 1920 रोजी लॉर्ड्स सभागृहाने 129 विरुद्ध 86 मतांनी त्याची बाजू घेतली. चित्रपटाच्या शेवटी मजकूर येतो त्या काळ्या पाटीवर यातलं किती आलं ते मोजा. ती पाटी वाचता येईल इतका वेळ थांबवा.