भुवया उचलून घेताय? या चुका टाळा

नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका प्लास्टिक सर्जनकडे मी बारा वर्षं ओपीडी सांभाळते. उतरलेल्या भुवया ऑपरेशनने उचलून घ्यायला आलेली मंडळी खुर्चीत टेकायच्या आत सांगतात, "सिस्टर, दुर्बिणीनेच करायचंय हां." कपाळ अजून कुणी तपासलेलं नसतं, पद्धत मात्र घरूनच ठरवून आणलेली.

दुर्बिणीशी माझं वैर नाही. केसांत तीन ते पाच लहान चिरा, आत कॅमेरा, कपाळाची कातडी हाडापासून सोडवायची आणि वर अडकवायची. पण यात कातडी कापून काढत नाहीत, मागे सरकवतात. केसांची रेघ, म्हणजे कपाळावर केस जिथून सुरू होतात ती, तीही थोडी मागे जाते. ज्यांचं कपाळ मुळात उंच, त्यांनी कशाला हट्ट धरायचा? त्यांना केसांच्या रेघेलगतची चीर बरी, कपाळ वाढत नाही, कमीही करता येतं. केस घट्ट मागे बांधले तर व्रण दिसू शकतो, तेवढं सोसायचं. कानापासून कानापर्यंतची जुनी चीर भुवई छान उचलते, पण रेघ मागे जाते आणि चिरेमागचं डोकं कित्येक महिने बधीर राहू शकतं. टक्कल पडलेल्या पुरुषांचा तर व्रण लपवायला केसच नसतात. पंचवटीच्या एका काकांना डॉक्टरांनी कपाळाच्या खोल आठीतच चीर सुचवली. "तोंडावर चीर?" म्हणत काका उठलेच.

सगळ्यात जास्त चीड येते ती आधी पापणी कापून घेणाऱ्यांची. नाशिकरोडच्या एक निवृत्त शिक्षिका दुसरीकडे वरच्या पापण्यांची कातडी काढून आल्या होत्या. तीन महिन्यांनी आमच्याकडे आल्या तेव्हा भुवया थेट डोळ्यांवर. "नातू विचारतो, आजी चिडलीस का?" पापणी डोळ्यावर येऊ नये म्हणून त्यांचं कपाळ वर्षानुवर्षं नकळत भुवया उचलून धरत होतं. पापणी हलकी झाली, कपाळ सैलावलं, भुवया उतरल्या. आता भुवई वर घ्यावी तर पापणीला कातडी पुरत नाही, डोळा पूर्ण मिटणार नाही अशी भीती. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. बाई माझ्यासमोर बसून रडल्या.

तेव्हापासून मी प्रत्येकाला आरसा देते. डोळे मिटा, कपाळ सैल सोडा. मग मी कपाळावर बोट दाबून धरते आणि डोळे उघडायला लावते. खरी भुवई तेव्हा दिसते. लग्नाचा अल्बमही मागवते, काहींच्या भुवया विशीतही खालीच होत्या.

फक्त बाहेरचं टोक उतरलं असेल तर कानशिलाजवळची चीर पुरते. चेहऱ्याचा लकवा असेल तर भुवईच्या अगदी वरची चीर, व्रण दिसला तरी. बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करायचं इंजेक्शन, तीन-चार महिने टिकतं, ते ऑपरेशन नव्हे. कातडीखाली दोरे घालून भुवई ओढायची ती "लंच टाइम लिफ्ट" मला विचारूच नका. दहा दिवसांवर लग्न आलं असेल तर घरी जा, सूज आणि काळेनिळेपणा त्यात आवरत नाही. तंबाखू-सिगारेट, रक्त पातळ करायच्या गोळ्या, डोळ्यांचा कोरडेपणा, काहीच लपवू नका. गोळ्या मनाने बंदही करू नका.

आणि येताना भुवया रंगवून येऊ नका. पार्लरमधून थेट येणाऱ्यांना मी आधी बेसिनकडे पाठवते.