पडद्याच्या शस्त्रक्रियेत डाय वापरताना पेशी कशा जपाव्यात

मॅक्युलर होलच्या, म्हणजे मॅक्युलाला (दृष्टिपटलाच्या, अर्थात डोळ्याच्या पडद्याच्या, मध्यभागाला) पडलेल्या छिद्राच्या शस्त्रक्रियेत आयएलएम नावाचा पडद्यावरचा जो पापुद्रा सोलून काढावा लागतो, त्याची जाडी जेमतेम २ ते ३ मायक्रॉन असते, आणि तो पारदर्शक असल्यामुळे रंग दिल्याखेरीज त्याची कड कुठे आहे हे मुरलेल्या सर्जनलाही खात्रीने सांगता येत नाही. या पापुद्र्याला चिकटूनच खाली चेतातंतूंचा थर असतो, आणि होलच्या तळाशी तर दृष्टिपटलाला पोसणाऱ्या आरपीई पेशी उघड्याच पडलेल्या असतात. त्या मेल्या तर त्यांची भरपाई शरीर करत नाही. पुण्यातल्या नेत्र रुग्णालयांत रेटिना विभागात नव्याने रुजू होणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी आणि ओटीतल्या सिस्टरांसाठी हे टिपण आहे. ‘सर, कोणता डाय सुरक्षित?’ असे दर नवी तुकडी विचारते. डायचे, म्हणजे या रंगाचे, नाव हा निम्माच प्रश्न आहे. तो किती दाट होता, कशात मिसळला होता, किती वेळ राहिला, किती प्रकाशात राहिला आणि नेमका कुठे पडला, हा उरलेला निम्मा प्रश्न असून तो सर्वस्वी आपल्या हातात असतो.

आयएलएमसाठी पहिली पसंती ब्रिलियंट ब्ल्यू जी या डायला द्यावी. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी त्याचा मानवी डोळ्यातील वापर प्रसिद्ध केला आणि डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ०.०२५ टक्के द्रावणाला मान्यता दिली. आयएलएमवर आणखी एखादा पापुद्रा वाढलेला असेल, तर त्यासाठी ट्रायपॅन ब्ल्यू ०.१५ टक्के उपयोगी पडतो, कारण तो मृत व जखमी पेशींना चांगला धरतो. प्रयोगशाळेत मेलेल्या पेशी मोजायलाही हाच रंग वापरतात. आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन) हा हिरवा डाय २००० सालापासून या कामासाठी वापरात आला, पण त्यानंतर काही रुग्णांच्या दृष्टिक्षेत्रात कायमची उणीव राहिल्याचे आणि आरपीई झिजल्याचे अहवाल आले. ब्रिलियंट ब्ल्यू हाताशी असताना आयसीजीकडे वळण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

नाइलाजाने आयसीजी वापरावाच लागला, तर तो बनवताना घाई करू नये. २५ मिलिग्रॅमच्या कुपीत ५ मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून पूड पूर्ण विरघळू द्यावी. सलाइन घालू नये, कारण त्यात साका बसतो. हे द्रावण ०.५ टक्के होते, म्हणजे डोळ्यासाठी फारच दाट, आणि शिवाय ते पाण्यातले असल्यामुळे त्याची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) पेशींना सोसेल त्यापेक्षा बरीच कमी असते. अशा द्रावणात पेशी पाणी शोषून फुगतात. म्हणून त्यातील १ मिलिलिटर घेऊन ५ टक्के डेक्स्ट्रोजचे ९ मिलिलिटर मिसळावेत, म्हणजे प्रमाण ०.०५ टक्क्यांवर येते आणि ऑस्मोलॅरिटीही शरीरद्रवाच्या जवळ जाते. आयसीजीच्या पुडीत सोडियम आयोडाइड असते, त्यामुळे आयोडीनच्या ॲलर्जीची विचारपूस आदल्या दिवशीच करावी.

आता कुपीविषयी. मोतीबिंदूसाठीचा ०.०६ टक्के ट्रायपॅन ब्ल्यू, पडद्यासाठीचा ०.१५ टक्के ट्रायपॅन ब्ल्यू आणि ब्रिलियंट ब्ल्यू हे तिन्ही ट्रेवर ठेवले की नुसते निळे दिसतात. त्यांच्याच शेजारच्या कपाटात दुसऱ्या विभागाची मेथिलीन ब्ल्यू १ टक्क्याची बाटली असू शकते, आणि ती चुकून डोळ्यात गेल्याने पारपटलाच्या (कॉर्नियाच्या) आतल्या पेशी नष्ट झाल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. त्यामुळे बाहेरच्या सिस्टरने कुपी दिव्यासमोर धरून नाव, टक्केवारी आणि मुदत मोठ्याने वाचावी, स्क्रब सिस्टरने ती उलट म्हणून दाखवावी, आणि सिरिंजवर लेबल चिकटल्याशिवाय ती सर्जनच्या हातात देऊ नये. पहिल्या आठवड्यात याचे हसू येते, नंतर सवय होते. साठवणुकीचे तापमान कुपीवर छापलेले असते; एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांकडे जातो आणि देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते, तेव्हा ओटी जनरेटरवर चालते, पण औषधांच्या खोलीतला एसी त्यावर जोडलेला आहे का, हे एकदा जाऊन पाहावे.

डाय सोडताना डोळा द्रवाने भरलेला असावा. हवा भरून सोडलेला डाय विरळ न होता सगळा मॅक्युलावर साचतो. इन्फ्युजन (डोळ्यात सतत जाणारा द्रव) थांबवावे, सॉफ्ट टिप कॅन्युलाचे (मऊ टोकाच्या बारीक नळीचे) टोक होलपासून दूर ठेवावे आणि डाय जोराची धार न करता हळूहळू सोडावा, म्हणजे तो स्वतःच्या वजनाने पडद्यावर पसरतो. धार होलवर बसली, तर रंग पडद्याखाली शिरतो आणि तिथून तो काढता येत नाही. ब्रिलियंट ब्ल्यूसुद्धा पडद्याखाली गेल्यावर आरपीईला इजा करतो. अर्ध्या मिनिटाच्या आत डाय ओढून घ्यावा. पापुद्रा सोलायला लागल्यावर रंगलेला भाग निळसर आणि सोललेला भाग फिका पांढुरका दिसतो, आणि या दोहोंमधली कडच फोर्सेप्सला वाट दाखवते. रंग फिका वाटला म्हणून लगेच पुन्हा डाय मागू नये, कारण आता उघड्या चेतातंतूंवर तो थेट पडणार असतो.

लाइट पाइप (डोळ्याच्या आत उजेड पाडणारी नळी) पडद्यापासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवावा आणि डाय ओढून होईपर्यंत प्रकाश कमी करावा, विशेषतः आयसीजी असेल तेव्हा, कारण प्रकाश शोषून त्यापासून पेशींना मारक असा क्रियाशील ऑक्सिजन तयार होऊ शकतो.

एखादा विक्री प्रतिनिधी ‘पेशींवर तपासलेला डाय’ म्हणून कागद पुढे ठेवील, तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. पेशी कोणत्या, संपर्क किती वेळाचा, आणि प्रकाशात ठेवून चाचणी केली होती का? बहुतेक ठिकाणी एआरपीई-१९ ही प्रयोगशाळेत वाढवलेल्या आरपीई पेशींची वाण वापरतात. ती अपघातात गेलेल्या १९ वर्षांच्या तरुणाच्या डोळ्यातून १९८६ साली तयार केली गेली. किती पेशी जिवंत आहेत हे मोजणाऱ्या एमटीटी चाचणीचा निकाल जांभळ्या रंगाच्या गडदपणावर ठरतो, म्हणून निळा डाय नीट धुतला नसेल, तर मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. फक्त डाय घातलेली, पेशी नसलेली तुलनेची नळी होती का, हेही विचारावे.

शस्त्रक्रियेच्या नोंदीत डायचे नाव, टक्केवारी, बॅच क्रमांक आणि संपर्काचे सेकंद लिहावेत. पुढच्या भेटींत ओसीटीवर (पडद्याच्या थरांचे चित्र दाखवणाऱ्या तपासणीत) आरपीईचा थर सलग आहे का ते पाहावे, आणि बारामतीहून किंवा शिरूरहून आलेला रुग्ण ‘समोरचं वाचता येतं, पण बाजूचं गाळल्यासारखं वाटतं’ असे म्हणाला, तर चष्म्याचा नंबर बदलून त्याला परत पाठवण्याआधी दृष्टिक्षेत्र तपासावे. डायचा दुष्परिणाम वाटला, तर गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे बॅच क्रमांकासह कळवावे.