झाडावर चढण्याच्या सॅडलचा ब्रिज: निवड आणि तपासणी

दोराच्या आधाराने झाडावर चढून छाटणी करणाऱ्यांच्या सॅडलला, म्हणजे कंबर आणि मांड्यांभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या साजाला, पोटासमोर, दोन्ही बाजूंच्या कड्यांच्या मधे, एक आखूड दोर आडवा बसवलेला असतो. त्याला ब्रिज म्हणतात. चढण्याचा मुख्य दोर ज्या रिंगला जोडतात ती या ब्रिजवरून डावीउजवीकडे सरकते, म्हणूनच फांदीवर चालताना कंबर मोकळेपणाने वळते. माणसाचा सगळा भार या हातभर दोरावर येतो आणि रिंग दिवसभर त्यालाच घासत राहते.

निवड करताना आधी लांबी ठरवावी. ब्रिज फार आखूड असेल तर रिंगपाशी होणारा कोन रुंदावतो, ताण वाढतो आणि बाजूच्या कड्या आत ओढल्या जाऊन कंबर आवळली जाते. ८० किलोच्या भाराला १२० अंशांच्या कोनात ब्रिजच्या प्रत्येक बाजूवर ८० किलो येतात. ६० अंशांत ते सुमारे ४६ किलोंवर उतरतात. उलट ब्रिज फार लांब ठेवला, तर घर्षणगाठ, म्हणजे मुख्य दोरावर सरकवता येणारी पण भार आला की तो घट्ट धरणारी गाठ, हाताच्या सोयीच्या अंतरापलीकडे जाते. त्यामुळे जमिनीपासून वीतभर उंचीवर लटकून लांबी जुळवून घेणे उत्तम. जाडी आणि दोराचा प्रकार मात्र सॅडलच्या उत्पादकाने सांगितलेलाच घ्यावा. डायनिमा या कृत्रिम तंतूचा दोर मजबूत असला तरी तो सुमारे १५० अंश सेल्सियसच्या आतच वितळतो, शिवाय गुळगुळीत असल्याने गाठ नीट धरत नाही. अरामिड या दुसऱ्या प्रकारच्या कृत्रिम तंतूंचे आवरण उष्णता उत्तम सोसते, पण उन्हातील अतिनील किरणांनी ते दुबळे होते.

तपासणीत बहुतेकांची नजर रिंग फिरते त्या मधल्या भागावरच खिळते. माझ्या मते अधिक संशय दोन्ही टोकांवर घ्यावा, कारण कडीला टेकणारा आणि गाठीत दडलेला भाग सॅडल अंगावर असताना दिसतच नाही. म्हणून ब्रिज सोडवून, स्वच्छ करून, बोटांच्या चिमटीतून इंचाइंचाने सरकवावा. थोडी लव उठणे चालते. पण आवरण कापलेले, वितळून चकाकणारे किंवा कडक झालेले असेल, आतला गाभा दिसत असेल, अथवा दोर वाकवल्यावर एखाद्या ठिकाणी चपटा पडून एकदम मोडल्यासारखा वळत असेल, तर तो ब्रिज पुन्हा वापरू नये. करवतीचा ओझरता स्पर्श झाला असेल किंवा बॅटरीचे आम्ल सांडले असेल, तर डाग दिसण्याची वाटही पाहू नये. रिंगच्या आतल्या कडेवरून नख फिरवावे. तिथे खाच किंवा धार लागली, तर नवा ब्रिजही ती लवकरच खाईल, म्हणून रिंगही बदलावी.

ही पाहणी रोज चढण्यापूर्वी करावी. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार माणसांना उचलणाऱ्या साधनांची दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून सखोल तपासणी करावी लागते, आणि हे अंतर इतरत्रही पाळण्याजोगे आहे. नवा ब्रिज बसवल्यावर गाठी आवळून, जमिनीलगत पूर्ण भार देऊन त्या बसू द्याव्यात, मोकळ्या टोकांची लांबी पुस्तिकेप्रमाणे आहे का ते पाहावे, आणि बदलल्याची तारीख दोरावर शाईने न लिहिता नोंदवहीत लिहावी.