स्लो कुकरच्या जेवणाची आगाऊ तयारी

चुलीच्या काळात आमटीला उकळी आली की पातेले वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, सरकवले जाई आणि शेतातली माणसे परत येईपर्यंत ते तिथेच मंद आचेवर रटरटत राही. स्लो कुकर म्हणजे विजेवर चालणारे वैलच होय. तो उत्तम शिजवतो, पण भाजत नाही, परतत नाही आणि फोडणीही देत नाही. आपल्या रश्श्याची चव मात्र नेमकी भाजण्या-परतण्यातच असते. त्यामुळे ही कामे रविवारी एकदाच उरकावीत, मसाला लावलेले जिन्नस पाकिटे करून गोठवावेत आणि शिजवण्याचे काम त्या-त्या दिवशी कुकरवर सोपवावे. परदेशी पाककृतींमध्ये सर्व काही कच्चेच पिशवीत भरायला सांगितलेले असते. तसे केल्यास कांद्याचा उग्रपणा आणि मसाल्याचा कच्चा वास आठ तासांनंतरही जात नाही.

प्रथम आपला फ्रीज पाहावा. अन्न दीर्घकाळ टिकवण्यासाठी उणे 18 अंश सेल्सिअस तापमान लागते. सिंगल डोअर फ्रीजमधील बर्फाचा छोटा कप्पा बहुधा तितका थंड राहत नाही, म्हणून त्यातील पाकिटे आठवडाभरात संपवावीत. स्वतंत्र दाराचा फ्रीजर असल्यास मटणाची पाकिटे तीन महिन्यांपर्यंत चांगली राहतात. काचेची बरणी वापरू नये, कारण गोठताना पाणी फुगते आणि काच तडकते. जाड, घट्ट बंद होणारी पिशवी सर्वांत सोयीची. ती उंच डब्यात उभी ठेवून तिचे तोंड डब्याच्या काठावर बाहेरून दुमडले की रस्सा न सांडता भरता येतो आणि बंद करण्याची जागाही तेलकट होत नाही. हवा दाबून काढावी, पिशवी ताटात आडवी ठेवून दोन बोटे जाडीची सपाट करावी आणि चिकटपट्टीवर पदार्थ, तारीख व किती माणसांचे आहे हे लिहावे. सपाट पाकीट लवकर गोठते आणि लवकर सुटते, म्हणजे वितळते. गोळा करून ठेवलेल्या पाकिटाचा मधला भाग मात्र फार रेंगाळतो.

मटणाचे उदाहरण घेऊ. एक किलो मटणासाठी चार मध्यम कांदे उभे चिरून तेलात तपकिरी होईपर्यंत परतावेत. एक वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस वेगळा, मंद आचेवर भाजावा. तो एकदम रंग धरतो, म्हणून त्या वेळी कढईसमोरून हलू नये. आले, लसूण आणि कोथिंबिरीच्या काड्यांसह हे सर्व कमीत कमी पाण्यात वाटावे. वाटण तेलात तेल सुटेपर्यंत परतावे, हळद-तिखट घालावे आणि गॅस बंद करून शेवटी काळा मसाला मिसळावा. त्यातील लवंग-दालचिनीचा जोर मंद आचेवर वाढत जातो, म्हणून मसाला नेहमीपेक्षा थोडा हात राखूनच घालावा. हे वाटण पूर्ण गार झाल्याशिवाय कच्च्या मटणाला लावू नये, कारण कोमट मटणात जंतू झपाट्याने वाढतात. शिजलेले अन्नही दोन तासांत फ्रीजमध्ये जायला हवे आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा एक तास हाच नियम समजावा. वाटण परातीत पातळ पसरले की पंख्याखाली लवकर निवते. पाकिटात पाणी घालू नये, ते शिजवतानाच घालावे. कुकरमधील वाफ बाहेर जात नसल्याने पाणी नेहमीच्या मापाच्या दोन तृतीयांश पुरते.

कडधान्यांच्या बाबतीत अधिक काळजी लागते. राजमा भिजवून थेट स्लो कुकरमध्ये टाकणे धोक्याचे आहे. त्यातील लेक्टिन हे विषारी द्रव्य कमी आचेवर नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होऊ शकतात. तो रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकावे, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मगच पाकिटात भरावा. हुलग्यांनाही मी हाच नियम लावते. ते या कुकरमध्ये इतके छान शिजतात की माडग्यासाठी, म्हणजे हुलग्यांच्या पातळ पेजेसाठी, दुसरे भांडे नकोसे वाटते.

डाळ शिजत नाही अशी तक्रार असेल, तर दोष कुकरला देण्याआधी पाणी तपासावे. आपल्याकडच्या पुष्कळ बोअरचे पाणी जड असते आणि त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे दाण्याचे कवच मऊ होत नाही. शिटीच्या कुकरमध्ये दाबामुळे हे झाकले जाते, येथे ते उघडे पडते. लातूरची उत्तम तूरडाळ आणूनही माझी आमटी सात तासांनी कचकचीत राहिली होती. फिल्टरचे पाणी घातल्यावर तीच डाळ पाच तासांत एकजीव झाली. चिंच, टोमॅटो आणि आमसूल यांच्या आंबटपणानेही डाळ दडस राहते, त्यामुळे हे जिन्नस पाकिटात न घालता डाळ शिजल्यानंतरच घालावेत.

बटाटा कच्चा गोठवला की काळपट आणि रवाळ होतो, दही फुटते, वांग्याचा लगदा होतो. बटाटा हवा असल्यास ताजा चिरून कुकरच्या तळाशी ठेवावा, कारण मटणापेक्षा त्यालाच जास्त वेळ लागतो. वांग्याच्या नादी लागू नये.

गोठलेले पाकीट थेट कुकरमध्ये टाकण्याचा मोह टाळावा. मी एकदा तो केला. कडेचा रस्सा गरम झाला होता, मधला गोळा दुपारपर्यंत जेमतेम सुटला होता आणि सगळे मटण फेकावे लागले. पाकीट आदल्या रात्री ताटलीत ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सोडवावे, ओट्यावर नव्हे. सकाळी ते कुकरमध्ये ओतावे, गरम पाणी घालावे आणि मटण लो वर सात-आठ तास किंवा हाय वर चार तास ठेवावे. भांडे निम्म्याहून अधिक, पण दोन तृतीयांशाहून कमी भरलेले असावे. झाकण उघडू नये. प्रत्येक वेळी उघडल्याने वीसेक मिनिटे वाढतात. कुकरचे आतले चिनी मातीचे भांडे फ्रीजमधून थंडगार काढून तापत्या कुकरवर ठेवू नये, तडा जातो.

वीज जाणे आपल्याला नवीन नाही. बटणांचे व आकड्यांचे कुकर वीज परत आल्यावर बहुधा बंदच राहतात, फिरत्या खुंटीचे साधे कुकर मात्र पुन्हा सुरू होतात. म्हणून साधाच घ्यावा. तरीही आपण बाहेर असताना वीज किती वेळ गेली होती हे कळले नाही, तर शिजलेले दिसणारे अन्नही खाऊ नये. दार न उघडल्यास भरलेला फ्रीजर सुमारे 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास थंडी धरतो. फ्रीजरमध्ये वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. गावाहून परतल्यावर नाणे तळाशी दिसले, तर आपल्या मागे सगळे वितळून पुन्हा गोठले असे समजून पाकिटे टाकून द्यावीत.

जेवणाच्या अर्धा तास आधी शेंगदाण्याचा कूट घालावा. आधी घातल्यास तो तळाशी बसतो. आमटीत चिंचेचा कोळ आणि गूळ याच वेळी घालावा. कोथिंबीर आणि वरची लसणाची फोडणी अगदी शेवटी, भाकरी तव्यावर असताना.