रेस्क्यू कुठे वापरायचं आणि सेव्ह कुठे, एकदाच नीट बघून घ्या

परवा भाच्याचा इंग्रजीचा निबंध वाचत होतो, विषय होता बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अडकल्याचा, आणि साहेबांनी लिहिलेलं 'आय रेस्क्यूड फ्रॉम द लिफ्ट'. म्हटलं अरे तू कोणाला रेस्क्यू केलंस, तुला तर वॉचमन काकांनी काढलं ना बाहेर!

ही चूक आपल्या मराठी माणसांची खास आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत, 'वाचला' आणि 'वाचवला'. स्वतः वाचला तो वाचला, दुसऱ्याला वाचवलं ते वाचवलं. रेस्क्यूला फक्त दुसरा अर्थ आहे, पहिला नाहीच. म्हणून 'मला बाहेर काढलं' म्हणायचं असेल तर 'आय वॉज रेस्क्यूड', मधलं ते 'वॉज' खाऊ नका. आणि 'तो अपघातातून वाचला' असेल तर रेस्क्यूच्या वाटेलाच जाऊ नका, तिथे सरळ 'ही सर्व्हाइव्हड द अ‍ॅक्सिडेंट' (आणि सर्व्हाइव्हच्या पुढे फ्रॉम लावू नका, तीही आपलीच सवय).

आता सेव्ह. मी स्वतःपुरती एक युक्ती ठेवलीय, वाक्य लिहायच्या आधी विचारायचं 'कशातनं?' उत्तर मिळालं, म्हणजे पाण्यातनं, आगीतनं, लिफ्टमधनं, की रेस्क्यू बिनधास्त वापरा, पुढे फ्रॉम लावा. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकलेली आठवतेय ना, हजाराच्या आसपास लोक एनडीआरएफ, नेव्ही वगैरेंनी बोटीतनं बाहेर काढले, तिथे 'द पॅसेंजर्स वर रेस्क्यूड फ्रॉम द ट्रेन' हे एकदम फिट्ट बसतं. पण वेळ, पैसे, मोबाइलमधला नंबर, गोलकीपरने अडवलेला बॉल, हे सगळं सेव्ह. सेल लागला म्हणून 'आय रेस्क्यूड फाइव्ह हंड्रेड रुपीज' म्हणालात तर समोरच्याला वाटेल नोटा गटारात पडल्या होत्या.

माणसांच्या बाबतीत सेव्हही चालतं, पण छटा वेगळी. जुहूला लाइफगार्डने बुडणाऱ्याला किनाऱ्यावर आणलं तर रेस्क्यू, नंतर डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला तर 'सेव्हड हिज लाइफ'. तिथे 'रेस्क्यूड हिज लाइफ' कानाला खटकतं. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, आग विझवायला गेलेले फायर ब्रिगेडचे 66 जण गेले, त्यांच्याबद्दल लिहिताना 'दे डाइड ट्राइंग टू सेव्ह द डॉक्स' लिहाल, कारण गोदी काही उचलून बाहेर काढायची नव्हती, जागेवरच वाचवायची होती. (14 एप्रिलला फायर सर्व्हिस डे पाळतात तो ह्याच्यामुळेच.)

मराठीत भाषांतर करताना मात्र डोळे झाकून 'बचाव' लिहू नका. बचावकार्य ठीक आहे, पण कोर्टातला बचाव पक्ष म्हणजे डिफेन्स, कबड्डीतला बचावही तोच. मला 'सुटका' जास्त आवडतो, फक्त तुरुंगातली सुटका आली की इंग्रजीत रिलीज होतं, एवढं ध्यानात ठेवा.

अजून एक, 'कम टू माय रेस्क्यू' नेहमी आगीपुरातच लागतं असं नाही. सासूबाईंनी सगळ्यांसमोर पगार विचारला आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, तर 'द कुकर केम टू माय रेस्क्यू' अगदी बरोबर इंग्रजी आहे. आणि मांज्यातनं सोडवलेली घार किंवा रस्त्यावरनं उचलून पाळलेला कुत्रा, त्याला इंग्रजीत नुसतं 'ही इज अ रेस्क्यू' म्हणतात, नाम म्हणून. आमच्या मजल्यावरचा मोती तसलाच, पण तो पोस्टमनवर धावून गेला की उलट पोस्टमनलाच रेस्क्यू करायला लागतं.